होतकरू खेळाडू आणि संधी

भाताची कापणी आणि झोडणी उरकली की आमच्या खारेपाटात मैदाने दिसू लागतात. धरमतरच्या खाडीकाठच्या ज्या खाचरांत पावसाळाभर पाणी उभे होते, त्यांतलेच एखादे खाचर गावातली पोरे सपाट करतात, त्यावर माती घालतात, पाणी मारतात, चोपतात. बांबूंवर दिवे चढतात, कर्णा बांधला जातो आणि कबड्डीचा हंगाम सुरू होतो. पेण, रोहा, अलिबाग या तालुक्यांत वाढलेल्या मुलाला हे काही नवीन सांगायला नको.

अशाच एका हंगामात मी आणि माझा एक मित्र एका संघात राखीव खेळाडू होतो. मी राखीव असणे योग्यच होते. मला माझी कुवत ठाऊक आहे. मित्राची गोष्ट निराळी. त्याची चढाई पाहायला सरावाच्या वेळीसुद्धा माणसे थांबत. पण हंगामभर आम्ही दोघांनी केले काय, तर पाण्याचे कॅन भरले, पायमोजे सांभाळले आणि कडेला बसून टाळ्या वाजवल्या. एकदा आमचा संघ वीस गुणांनी पुढे होता आणि चारच मिनिटे उरली होती. तेव्हाही त्याला आत घेतले नाही. "अजून लहान आहे, शिकेल," एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या वर्षी दोन जुने खेळाडू गुडघ्यांनी बसले, एक नोकरीसाठी मुंबईला गेला आणि संघ पहिल्याच फेरीत हरला. बोलवायला माणूस गेला तोवर माझ्या मित्राने खेळ सोडला होता. तो आता तीन पाळ्यांत कंत्राटी काम करतो.

तो शिकेल, असे सगळे म्हणत होते. पण शिकणार कुठे? हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे. त्याचे थोडेफार उत्तर मला आमच्या तालुक्यात जवळजवळ कोणी खेळत नाही अशा एका खेळाने दिले. तो खेळ म्हणजे हॉकी.

हॉकीशी गाठ

बारावीच्या सुटीत मी पुण्याला नातेवाइकांकडे खडकीला गेलो होतो. तिथे संध्याकाळी मुलांचा एक सामना पाहिला. खेळातले मला काही कळत नव्हते, पण एक गोष्ट डोळ्यांत भरली. शिक्षकांनी खेळ चालू असतानाच एक मोठा मुलगा बाहेर बोलावला आणि एका किरकोळ अंगाच्या पोराला आत धाडले. तीन-चार मिनिटांत त्याच्या हातून दोनदा चेंडू गेला. त्याला बाहेर बोलावले. आता याची बसायची वेळ, असे मला वाटले. पण शिक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी समजावले, काठीने जमिनीवर दोन रेघा ओढून दाखवल्या आणि थोड्या वेळाने त्याला पुन्हा आत पाठवले.

हॉकीच्या नियमांत याला वाव आहे. मैदानावर एका बाजूचे अकरा खेळाडू असतात, पण बाहेर बसलेल्यांना कितीही वेळा आत घेता येते आणि बाहेर गेलेला पुन्हा खेळू शकतो. त्यामुळे नवख्याला पाच मिनिटे खेळवायचे, चूक झाली की बाहेर घेऊन दाखवायची आणि ती विसरायच्या आत पुन्हा उतरवायचे, हे हॉकीच्या शिक्षकाला जमते. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे आपण खाडीकाठचे लोक जाणतो. आणि पहिल्यांदा पाण्यात टाकताना कोणी पोराला भरतीच्या वेळी मधोमध सोडत नाही, हेही जाणतो.

खडकीचा वारसा

खडकीत हॉकी रुजली ती लष्करी छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना यांच्यामुळे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले, त्या वेळच्या भारतीय चमूतले बाबू निमल हे पुण्याचे. पुढे अर्ध्या शतकाने त्याच खडकीतून धनराज पिल्ले आला.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ चा. वडील मैदानाची देखभाल करणारे. घरी भावंडे बरीच आणि पैसा बेताचा. कारखान्याच्या वसाहतीतल्या मैदानावर मोडक्या काठ्या बांधून पोरे खेळत, त्यांत हा एक. ही हकिगत पुष्कळांना ठाऊक असते आणि तिचे तात्पर्यही ठरलेले असते: गरिबीवर मात, जिद्द, चिकाटी. ते खोटे नाही. पण मला त्या हकिगतीतला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो.

धनराजचा थोरला भाऊ रमेश हाही हॉकीपटू. तो मुंबईत आर.सी.एफ.कडून खेळे. आपल्या अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यामुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. धाकटा भाऊ त्याच्याकडे मुंबईला आला. रमेशने त्याला घडवले. पुढे महिंद्र आणि महिंद्रच्या संघात त्याला जागा मिळाली आणि तिथे जोकिम कार्व्हालो या ऑलिम्पिक खेळाडूचे मार्गदर्शन लाभले. १९८९ साली धनराज भारताकडून खेळला. नंतर चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा त्याने खेळल्या.

म्हणजे जिद्द धनराजची, पण शिडी दुसऱ्यांनी लावलेली होती. वसाहतीतले मैदान ही पहिली पायरी, वडील भाऊ ही दुसरी. पोटापाण्याची सोय करणारा कंपनीचा संघ ही तिसरी आणि जाणता मार्गदर्शक ही चौथी. यांतली एक पायरी जरी निसटती, तरी खडकीतल्या कितीतरी चपळ पोरांपैकी तो एक होऊन राहिला असता.

मुंबईच्या वाल्मीकी बंधूंचेही तसेच आहे. युवराज आणि देविंदर हे मरीन ड्राइव्हजवळच्या झोपडीत वाढले. त्या घरात अनेक वर्षे वीज नव्हती, पण चर्चगेटचे हॉकी मैदान हाकेच्या अंतरावर होते. २०११ साली आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघात युवराज होता. देविंदर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये खेळला.

पाय पाळण्यात दिसतात का?

"बाळाचे पाय पाळण्यात दिसतात," असे आपण म्हणतो. पण पाहणारा कोणी असेल तरच ते दिसतात. शिवाय कशाकडे पाहायचे हेही त्याला कळायला हवे. ज्याने हातात कधी काठी धरली नाही, तो हॉकी खेळेल की नाही हे ठरवायचे कसे?

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून चालवलेल्या क्रीडा प्रबोधिनीने याला एक उत्तर दिले. शाळकरी मुलामुलींची निवड करताना खेळातले कसब पाहण्याआधी शरीराच्या चाचण्या घ्यायच्या. उंची मोजायची, थोड्या अंतराची धाव आणि लांबची धाव पाहायची, जागच्या जागी उडी किती जाते, जड चेंडू किती दूर फेकता येतो, अंग किती लवचीक आहे, पटकन वळून पुन्हा धावता येते का, हे तपासायचे. ज्या मुलात दम आणि चपळाई आहे त्याला राहण्याजेवणाची, शाळेची आणि शिक्षणाची सोय द्यायची आणि खेळ मग शिकवायचा. यामुळे खेड्यातल्या मुलासाठी दार उघडले. शेतात, डोंगरात, खाडीत राबलेले शरीर हीच तिथे पहिली पात्रता ठरते.

याचे फळ पाहायचे तर सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्याकडे पाहावे. हा उसाचा आणि शेतीचा तालुका. पण तिथल्या शाळांनी मुलींच्या हातात हॉकीच्या काठ्या दिल्या आणि ज्या चमकल्या त्यांना पुढे पुण्याच्या प्रबोधिनीची वाट मोकळी झाली. आसूची वैष्णवी फाळके २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात होती. वाखरीची अक्षता ढेकळे आणि याच तालुक्यातली ऋतुजा पिसाळ या दोघी जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला झालेल्या पाच जणींच्या हॉकीच्या पहिल्या विश्वचषकात खेळल्या आणि भारत उपविजेता ठरला. एका तालुक्यातल्या तीन मुली देशाकडून खेळतात, याला योगायोग म्हणता येणार नाही. एक मुलगी पुढे गेली की मागच्या दहा जणींना वाट दिसते. आणि शाळेत शिकवणारे टिकून राहिले की ती वाट बुजत नाही.

पंजाबात जालंधरजवळ संसारपूर नावाचे गाव आहे. त्या एका गावाने चौदा ऑलिम्पिक हॉकीपटू दिले असे सांगतात. तिथल्या पाण्यात काही वेगळे नाही. मैदान घराजवळ होते, मोठे खेळत आणि लहान कडेला उभे राहून पाहत. मोठ्यांत एखादा कमी पडला की लहानाला हाक मारली जाई. आपल्या गावांत कबड्डी पिढ्यान् पिढ्या टिकली ती याच रीतीने. ही रीत जिथे मोडते तिथे माझ्या मित्रासारखी मुले गळतात.

राखीव खेळाडू

आता या सगळ्यांतला अवघड भाग. मुलगा सापडला, शिकला, सरावात उत्तम खेळू लागला. त्याला मोठ्या संघात केव्हा घ्यायचे?

हॉकीत यासाठी मधल्या पायऱ्या ठेवल्या आहेत. शाळा, जिल्हा, राज्य, मग एकवीस वर्षांखालील संघ आणि त्यानंतर वरिष्ठ संघ. एकवीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक १९७९ पासून भरतो. २०१६ साली लखनौला भारताने तो जिंकला. त्या संघातले हरमनप्रीत सिंग, वरुण कुमार, सिमरनजित सिंग, गुरजंत सिंग हे पाच वर्षांनी टोकियो ऑलिम्पिकच्या चमूत दिसतात. म्हणजे हे एकेकटे वर गेले नाहीत. ज्यांच्याबरोबर शिकले, चुकले आणि जिंकले, त्यांच्यासहच वर गेले. बरोबरीच्या मुलांचा गट एकत्र वाढवणे हे संघबांधणीतले मोठे तत्त्व आहे.

यांतल्या सिमरनजितची गोष्ट मला माझ्या मित्राला सांगावीशी वाटते. टोकियोसाठी सोळा जणांचा संघ जाहीर झाला तेव्हा त्यात सिमरनजित नव्हता. तो राखीव होता. एरवी अशा खेळाडूला कोणी जायबंदी झाल्याशिवाय खेळता येत नाही. त्या वर्षी महामारीमुळे नियम सैल झाला आणि राखीव खेळाडूंतूनही सामन्यागणिक निवड करता येऊ लागली. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कांस्यपदकासाठी जर्मनीशी गाठ पडली. भारत १-३ असा मागे होता आणि अखेर ५-४ असा जिंकला. एक्केचाळीस वर्षांनी भारताला हॉकीत ऑलिम्पिक पदक मिळाले. त्या पाच गोलांपैकी दोन सिमरनजितचे.

यात नशिबाचा भाग आहेच. पण नियम सैल झाला त्या दिवशी राखीव खेळाडू तयार होता, हे नशीब नव्हे. त्याला वर्षानुवर्षे सरावात, शिबिरात आणि परदेश दौऱ्यांत बरोबरीने वागवले गेले होते. राखीव असणे म्हणजे पाण्याचा कॅन भरणे नव्हे. पुढच्या सामन्याची तयारी करणे होय. हा फरक ज्या संघाला कळतो त्याला खेळाडूंची वाण पडत नाही.

पेणजवळ हमरापूर-जोह्याच्या बाजूला गणपतींच्या कारखान्यांत गेलात तर हेच पाहाल. नवा मुलगा आधी मूर्ती घासतो, मग पितांबराचा रंग देतो. डोळ्यांची आखणी अनुभवी हात करतात. पण तो कधीच डोळे आखणार नसेल तर कारखाना पुढे चालायचा कसा? म्हणून एक दिवस त्याच्यापुढे छोटी मूर्ती ठेवतात. बिघडलीच तर नुकसान थोडे आणि शेजारी जाणता माणूस बसलेला. हॉकीचा शहाणा शिक्षकही नवख्याला पहिल्यांदा उतरवतो ते अशाच 'छोट्या मूर्ती'वर. संघ पुढे असतो, वेळ थोडा असतो आणि बाजूला एक जुना खेळाडू असतो.

ज्येष्ठांचे काय?

नव्यांना संधी म्हणजे जुन्यांना हाकलणे असा काहींचा समज असतो. त्याचे उदाहरणही हॉकीतच आहे. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर लगेच धनराजसह अनेक अनुभवी खेळाडूंना संघातून वगळण्यात आले आणि प्रशिक्षक महाराजकृष्ण कौशिक यांनाही दूर करण्यात आले. जो संघ नुकताच जुळला होता तो विस्कटला. नवख्या मुलाला मैदानावर शेजारी ओरडून सांगणारा कोणी लागतो: मागे सर, चेंडू सोड, घाई करू नकोस. पुस्तकातून हे शिकता येत नाही. जुना खेळाडू गेला की ही शाळाच बंद पडते.

म्हणून प्रमाण सांभाळावे लागते. नुसत्या सदिच्छेवर हे सोपवले की मोठा सामना आला की प्रत्येक कप्तान जुनाच हात धरतो. त्याला तरी दोष कसा द्यावा? यावर हॉकी इंडिया लीगने एक साधा नियम केला. २०२४ च्या अखेरीस ही स्पर्धा नव्याने सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघात चोवीस खेळाडू आणि त्यांत किमान चार ज्युनिअर असलेच पाहिजेत, असे ठरवले गेले. त्याच चोवीसांत आठ परदेशी खेळाडूही होते. म्हणजे एखादा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा रोज सकाळी जगातल्या नावाजलेल्या खेळाडूंसमोर सराव करतो. सामन्यात त्याला किती मिनिटे मिळतील ते पुढचे, पण चेंडू कसा अडवायचा हे तो त्यांच्या पायांकडे पाहून शिकतो.

गंमत अशी की या लीगमध्ये पंजाबच्या बाजूचा जो 'सूरमा' नावाचा संघ आहे, तो जे.एस.डब्ल्यू. समूहाचा; आणि त्याच समूहाचा पोलादाचा कारखाना आपल्या डोलवीला आहे. धरमतरच्या खाडीत ज्यांच्या बार्जेस रोज येताना-जाताना दिसतात, त्यांचा हॉकी संघ पंजाबात आहे. ही तक्रार म्हणून सांगत नाही. पंजाबात खेळाडू तयार होते म्हणून संघ तिथे झाला. आधी खेळाडू उभे राहावे लागतात, मग संघ आणि पैसा येतो. हा क्रम उलटा होत नाही.

आपण काय करू शकतो?

आपल्याकडे उद्या निळी कृत्रिम हिरवळ अंथरली जाईल असे स्वप्न मी पाहत नाही. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. असे मैदान घालायला आणि सांभाळायला किती खर्च येतो ते सर्वांना ठाऊक आहे. पण पाच जणांच्या हॉकीला पूर्ण मैदानाच्या निम्म्याहूनही कमी जागा पुरते. शिकायला तर कापणीनंतरचे सपाट खाचरही चालेल. आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्याने दोन डझन काठ्या घेतल्या आणि एखाद्या जाणकाराला आठवड्यातून दोन दिवस बोलावले, तर सुरुवात होऊ शकते. खाडीत पोहणारी, होडी वल्हवणारी, कबड्डीत वाऱ्यासारखी वळणारी मुलेमुली आपल्या वर्गात आहेत. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांत जे पाहतात ते यांच्या अंगात आधीच आहे.

हॉकीची काठी नाही मिळाली तरी हॉकीकडून घेण्यासारखे तीन नियम आपण कबड्डीला, खो-खोला आणि क्रिकेटलाही लावू शकतो. पहिला असा की महाविद्यालयाच्या प्रत्येक संघात प्रथम वर्षाचे किमान दोन विद्यार्थी असावेत. दुसरा असा की सराव सामन्यात प्रत्येक राखीव खेळाडूला उतरवलेच पाहिजे आणि तो किती वेळ खेळला याची नोंद वहीत ठेवावी. तिसरा असा की जो ज्येष्ठ खेळाडू शेवटच्या वर्षात आहे त्याने एका नवख्याची जबाबदारी घ्यावी आणि जाताना त्याला आपली जागा सांभाळण्याइतका तयार करून जावे. याला पैसा लागत नाही. संघ हरण्याची थोडी तयारी तेवढी लागते.

आणि त्या वहीची मला फार निकड वाटते. कोण जिंकले याची नोंद सगळेच ठेवतात. कोणाला एकदाही उतरवले नाही याची नोंद कोणी ठेवत नाही. ती असती तर हंगामाच्या शेवटी कोणीतरी पान उलटून पाहिले असते आणि माझ्या मित्राच्या नावापुढचे शून्य त्याला दिसले असते.

परवा वडखळच्या नाक्यावर तो भेटला. रात्रपाळी करून घरी चालला होता. गावात यंदा सामने आहेत असे मी सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "कोणती तारीख? पाळी बदलून मिळते का बघतो." मला वाटले, खेळ त्याने अजून सोडलेला नाही. त्याला आत या म्हणणारे कोणीतरी हवे आहे.

— तृतीय वर्ष, कला